शेजारच्या सीटवरचा माणूस

आमच्या वडिलांची पंचवीस वर्षं मालट्रकवर क्लीनर म्हणून गेली. कसारा घाटात गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा, मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचं, रात्री ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून बोलत राहायचं. मालकाच्या ओसरीवर ड्रायव्हरला ताट मिळे. वडील गाडीपाशी जेवत.

म्हणूनच टीव्हीवर मोटारींची रॅली पाहताना आम्हा भावंडांची नजर ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या माणसावर गेली. त्याला को-ड्रायव्हर म्हणतात. मग आम्ही त्याच्या कामाची माहितीच काढली.

स्पर्धेआधी दोघे त्याच रस्त्यावरून हळू जातात. ड्रायव्हर सांगतो आणि को-ड्रायव्हर वहीत टिपतो: वळण डावं की उजवं, किती अवघड, पुढे किती मीटर सरळ. शर्यतीत प्रत्येक वळणाआधी तो ते वाचून दाखवतो. इंजिनाच्या आवाजातही ऐकू यावं म्हणून दोघांच्या हेल्मेटमध्ये माइक आणि इयरफोन असतात. रात्री वाचायला छोटा दिवा, अंतराचं मीटर, घड्याळ आणि वेळेचं कार्ड हीही त्याचीच हत्यारं. जागतिक रॅलीत वेळेच्या नाक्यावर एक मिनिट उशीर झाला तर 10 सेकंद दंड, आणि एक मिनिट लवकर पोहोचलं तर 60 सेकंद! तो हिशेबही त्यानेच ठेवायचा. अपघातात कुणी जखमी झालं तर मागच्या गाड्यांना लाल अक्षरांचा 'एसओएस' फलक दाखवायचा.

1981 मध्ये इटलीतली सान रेमो रॅली जिंकून मिशेल मूताँ जागतिक मालिकेतली रॅली जिंकणारी पहिली महिला ड्रायव्हर ठरली. तिच्या शेजारी बसून वही वाचणारीही बाईच होती, फाब्रिझिया पोन्स.

वडील सगळं ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचं नाव असतं का रं गाडीवर?"

"असतं. काचेवर दोघांचीही नावं असतात."

वडील गप्प झाले. त्यांच्या ट्रकवर मालकाच्या पोरांची नावं रंगवलेली होती.

घाटातली सगळी वळणं त्यांना आजही तोंडपाठ आहेत. त्यांना लिहिता येत नव्हतं. आम्ही बाबासाहेबांच्या पुण्याईने शिकलो, पण ती लिहून घ्यायचं आम्हालाही कधी सुचलं नाही.

परवाच्या रविवारी विहारातून आल्यावर त्यांची नात वही घेऊन त्यांच्याजवळ बसली. पहिल्या पानावर तिने त्यांचं नाव लिहिलं.

बंधूभगिनींनो, तुमच्याही घरी असं कुणी असेल. त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.