डक्टमधला उन्हाळा

डोंबिवलीचा उन्हाळा मुंबईच्या उन्हाळ्याहून वेगळा आहे, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा दादर-माहीमला वेळेवर पोहोचतो; आमच्याकडे येईतो त्यातला जोर संपलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे वारे वाहू लागले की पारा चाळिशीला टेकतो. मे महिन्यात आकडा थोडा उतरतो, पण हवेत ओल भरते आणि ती ओलच माणसाला जेरीस आणते. अंग थंड व्हायचं तर घाम वाळावा लागतो, आणि इथे तो वाळतच नाही. नागपूर-अकोल्याकडचे पाहुणे विचारतात, ‘कूलर का नाही घेत?’ त्यांच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की खोली गार होते. आमच्या मे महिन्यात कूलर लावणं म्हणजे भिजून आलेल्याला ओल्या पंचानं पुसणं.

म्हणून एसीच्या जन्माची हकिकत मला फार जवळची वाटते. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागचे हलायचे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं त्या हवेतली ओल काबूत ठेवणारं यंत्र आखलं. माणसाच्या सुखाचा विचार नंतर आला. आधी कागद वाचवायचा होता. आजही भिंतीवरच्या इनडोअरमध्ये तेच चालतं. थंडगार कॉइलवरून खोलीतली हवा जाते, तिच्यातली वाफ थेंब होऊन कॉइलवर उतरते आणि ड्रेन पाइपनं बाहेर पडते. त्या पाइपखाली मी मे महिन्यात बादली ठेवते. सकाळी ती भरत आलेली असते. रात्री आमच्या श्वासाभोवती एवढं पाणी होतं, हे डोळ्यांनी दिसतं. ते मी लादी पुसायला वापरते.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न टनाचा. एक टन म्हणजे चोवीस तासांत सुमारे नऊशे किलो बर्फ वितळवील एवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद. ‘दीड टनच घ्या, एकदम चिल्ड होईल,’ असं हमखास सांगतात. मधल्या मजल्यावरच्या लहान बेडरूमला एक टन बहुधा पुरतो. वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकत असेल, तर गोष्ट वेगळी. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली झटकन गार करतं आणि थांबतं. ओल शोषायला त्याला वेळच मिळत नाही. मग गार पण चिकट अशी ती विचित्र हवा अंगाला लागते. स्टारच्या लेबलवरची युनिटं वर्षाला 1600 तास धरून काढलेली असतात. तुमचा एसी किती तास चालतो हे बघून पाच स्टारचे जास्तीचे पैसे द्यायचे की नाही, ते ठरवावं. हा हिशोब सोपा आहे.

अवघड हिशोब दुकानात कुणी मांडत नाही. एसी थंडी बनवत नाही, उष्णता इथून उचलून तिथे टाकतो. खोलीतली सगळी, शिवाय कॉम्प्रेसरनं खाल्लेल्या विजेची, अशी दोन्हींची उष्णता आउटडोअरमधून बाहेर पडते. बाहेर म्हणजे कुठे? आमच्यासारख्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत त्याचं उत्तर असतं, डक्ट. स्वयंपाकघरांच्या आणि न्हाणीघरांच्या खिडक्या जिथे उघडतात तो चार भिंतींमधला अरुंद चौक. रस्त्यावरून दिसत नाही म्हणून सगळ्यांचे आउटडोअर तिथेच टांगलेले. समोरच्या आजी दुपारी पोळ्या करताना खिडकी उघडू शकत नाहीत. माझी झोप त्यांच्या ओट्याशी जाऊन तापते, हे मला सहन होत नाही. यंत्रालाही ते सहन होत नाही. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून कॉम्प्रेसर धापा टाकतो, बिल चढतं आणि ऐन मे महिन्यात कॅपॅसिटर उडतो.

दुरुस्तीतही प्रश्न तोच, बाहेर काय आणि कुठे जातं. एसी गार करेना म्हणून बोलावलेल्या पहिल्या माणसानं गेज लावला आणि ‘गॅस कमी झालाय’ म्हणत भरून दिला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीतून तो वर्षानुवर्षं फिरत राहायला हवा. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. नव्या एसींत बहुधा असतो तो आर-32 वायू शंभर वर्षांच्या मापानं कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट तापवणारा. अर्धा किलो उडाला की सव्वातीनशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं.

नंतर आलेला मुलगा मुरबाडकडचा. त्यानं आधी टॉर्च मारून तांब्याची नळी बोटभर बोटभर बघितली. फ्लेअर नटपाशी काळपट तेलकट डाग होता. ‘ताई, गॅसबरोबर तेल झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. हा बघा.’ साबणाचा फेस लावला तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत आले. त्यानं टोक कापून नवीन फ्लेअर काढला, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहिलं, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल पूर्ण खेचून काढली आणि वजनकाट्यावर मोजून गॅस सोडला. अर्धा दिवस गेला. बरेचजण पंप आणतच नाहीत. गिऱ्हाईक विचारत नाही आणि घाईच्या दिवसांत पुढची तक्रार वाट बघत असते. मला वाटतं, आपण विचारलं पाहिजे, आणि त्या वेळेचे पैसे कुरकुर न करता दिले पाहिजेत.

हे सगळं त्यानं केलं ते डक्टच्या ग्रिलबाहेर, हातभर लोखंडी पट्टीवर पाय ठेवून. सेफ्टी बेल्ट होता, पण तो अडकवायला भिंतीत एकही भक्कम कडी नव्हती. शेवटी आमच्या खिडकीच्या चौकटीतून दोर आत घेऊन पलंगाला बांधला. तो उतरेपर्यंत मी दोरावरचा हात काढला नाही.

आता आमची इमारत पुनर्विकासात जायची आहे. नव्या नकाशात जिम आहे, गच्चीवर बाग आहे. आउटडोअरसाठी उघड्या हवेकडे तोंड असलेला, माणूस उभा राहू शकेल असा सज्जा आणि बेल्ट अडकवायची कडी मात्र कुठल्याच फ्लॅटला नाही. मी सोसायटीच्या सभेत दोन्ही लेखी मागितली. समोरच्या आजींनी त्या अर्जावर सगळ्यात आधी सही केली. बिल्डरच्या माणसानं ‘बघतो’ म्हणत वहीत नोंद केली. पुढच्या सभेला आम्ही दोघी सुधारित नकाशा मागणार आहोत.