बंद न होणारी औषधे

नागपूर

चि. मधुकर यास,

रायपुरास मेडिसिनच्या वॉर्डात तुझी नेमणूक झाली आणि तेथील पुष्कळशा खाटांवर सत्तरीपुढची माणसे आहेत, हे तुझ्या पत्रावरून कळले. म्हणून निवृत्तीनंतरही ज्या विषयाने माझी पाठ सोडली नाही, तो आज सविस्तर लिहितो.

माझा दवाखाना रायपुरातील तात्यापाऱ्यात असताना शेजारच्या एका वृद्ध बाईंना रक्तदाबासाठी दुसरीकडे अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले. त्या औषधाने कित्येकांच्या पायांस सूज येते तशी त्यांच्याही आली. ती औषधाचीच असावी ही शंका कोणास न आल्यामुळे ती उतरविण्यासाठी फ्युरोसेमाइड दिले गेले. लघवीसाठी रात्री वारंवार उठावे लागून झोप मोडू लागली, तेव्हा अल्प्राझोलामची भर पडली. आणि त्या गुंगीत न्हाणीघराकडे जाताना पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात दाखल होताच तिन्ही गोळ्या केसपेपरवर जशाच्या तशा उतरल्या, शिवाय वेदनेसाठी डायक्लोफेनॅक आणि त्याच्या जाचापासून जठर राखण्यासाठी पँटोप्रॅझोल यांची नोंद झाली. प्रत्येक डॉक्टराने समोरच्या तक्रारीपुरता विचार प्रामाणिकपणे केला, यात मला संशय नाही; परंतु मागील हुकूम रद्द करण्याचा अखत्यार आपलाही आहे, असे त्यांपैकी एकासही वाटले नाही, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ मला येथे दिसते.

अशा चुका टाळण्यासाठी अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी सिद्ध केली. आयर्लंडमधील डॉक्टरांनी २००८ मध्ये केलेली यादी, कोणते आवश्यक औषध द्यावयाचे राहून गेले, हेही विचारते. या दोन्ही जवळ ठेव, पण आधी रोग्याचे वजन घे. ऐंशी वर्षांचा, ४५ किलो वजनाचा कृश शेतकरी आणि क्रिएटिनिन १.०, असा अहवाल पाहून मन निश्चिंत होते. मात्र वय व वजन धरून हिशेब केला, तर मूत्रपिंडाची क्षमता मिनिटास सुमारे ३७ मिलिलिटर, म्हणजे तरुणपणीच्या निम्म्याहूनही कमी निघते. स्नायू झडल्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा निर्दोष दिसतो, एवढेच. अशा माणसास ग्लिबेनक्लामाइड दिले तर रक्तातील साखर उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. आणि सर्दीवरच्या साध्या क्लोरफेनिरामिनने वृद्ध बरळू लागला, लघवी अडली, तर त्याला नवा रोग समजून आणखी एक औषध जोडण्याचा मोह तू निग्रहाने टाळ.

दाखल होणाऱ्या प्रत्येक डोकरीदाईच्या, म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या, घरून औषधांची पिशवी मागवून घेण्याचा शिरस्ता घाल, आणि प्रत्येक गोळी कशासाठी, कोणत्या मुदतीपर्यंत, हे विचार. बरीच वर्षे घेतलेली अल्प्राझोलाम एकाएकी तोडू नकोस. ती हळूहळू उतरवावी लागते. डिस्चार्ज कार्डावर बंद केलेल्या औषधाचे नाव आणि कारण हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहून दे. नाहीतर जवळच्या आरंग किंवा अभनपूर गावचा औषध-दुकानदार जुन्या चिठ्ठीवरून तेच औषध पुन्हा बांधून देईल.

तुझा
नानाकाका