विंडोज ९८, कॅमेरा आणि अर्धा फोटो

गेल्या महिन्यात लेक कॉलेजातून सुट्टीला घरी आली आणि आल्या आल्या बेसमेंटमधली खोकी उपसायला लागली. म्हटलं, काय हवंय? तर म्हणे, "बाबा, तुझा तो जुना डिजिटल कॅमेरा कुठाय?" तिच्या मैत्रिणींमध्ये सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं फॅड आहे. फोनचे फोटो फार गुळगुळीत येतात म्हणे, जुन्या कॅमेऱ्याचे कसे 'खरे' वाटतात. मी काही बोललो नाही. या कॅमेऱ्यापायी २००४ सालचा अख्खा मे महिना मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत जागलोय. त्यात 'खरं' काय होतं ते मला विचारा!

तर झालं असं. मी राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ. १९९९ साली मोटारींच्या सुट्या भागांची डिझाइनं करायला इथे आलो, मध्ये मंदीत सहा महिने घरी बसलो, पुन्हा लागलो. २००४ च्या मे महिन्यात आई आणि आप्पा पहिल्यांदाच इकडे आले. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. साताऱ्याचं घर शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून, दोन मोठ्या बॅगा आणि एक लोणच्याची बरणी घेऊन दोघं उतरली. (बरणी कस्टममधून सुटली, हे आप्पांनी पुढे सहा महिने येईल त्याला सांगितलं.) त्यांच्यासाठी म्हणून मी आदल्याच आठवड्यात कॅमेरा घेतला होता. तीन मेगापिक्सेलचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, सोबत ३२ एमबीचं कार्ड. मोठ्या साइजमध्ये काढले तर कार्डावर वीसेक फोटो मावायचे. दुकानातला पोरगा मोठं कार्ड घ्या म्हणत होता, पण मी म्हटलं, कशाला? रोज रात्री कॉम्प्युटरवर उतरवू आणि कार्ड रिकामं करू. इंजिनिअरचा हिशोब!

आता कॉम्प्युटरबद्दल. तो मी कायमचा देशी परत निघालेल्या एका हैदराबादी मित्राकडून दीडशे डॉलरला घेतला होता. पेंटियम टू, ६४ एमबी मेमरी, चार जीबीची डिस्क आणि विंडोज ९८. हसू नका. ईमेल पाहायला, ऑनलाइन पेपर वाचायला आणि इन्कम टॅक्सचा फॉर्म भरायला तो व्यवस्थित पुरत होता. चालतंय तोवर टाकायचं नाही, हे आमच्याकडे रक्तातच आहे. आप्पांची बजाज चेतक आठवा. शिवाय पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते होते, ग्रीनकार्डाच्या वकिलाची फी होती, आणि मंदीतल्या सहा महिन्यांची भीती अजून पोटात होती.

पहिल्याच रात्री मी ऐटीत वायर जोडली. 'नवीन हार्डवेअर सापडलं' अशी पाटी आली. आई-आप्पा खुर्च्या ओढून बसले, सिनेमा सुरू होणार असल्यासारखे. मग कॉम्प्युटरने विचारलं, ड्रायव्हर कुठाय? कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडी घातली. सीडीने थोडा वेळ घरघर केली आणि कळवलं, की हा प्रोग्रॅम विंडोज ९८ 'सेकंड एडिशन'वर किंवा त्यापुढेच चालेल. आमचं १९९८ चं पहिलं एडिशन. सेकंड एडिशन आलं १९९९ साली. म्हणजे एका वर्षाने आमचा नंबर हुकला.

आप्पांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालं?" आप्पांना कुठलीही गोष्ट 'नेमकी' लागते. मी सांगायला लागलो. कॅमेऱ्याने कॉम्प्युटरशी कसं बोलायचं याची एक सामायिक भाषा २००० च्या सुमारास ठरली. २००१ साली आलेल्या एक्सपीला ती जन्मतः येते. ९८ तिच्या आधीचं. त्याला साधा पेनड्राइव्ह लावला तरी ज्याच्या त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, नाहीतर ते ओळखच दाखवत नाही. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "कळलं. मंत्रालयातून परिपत्रक निघालंय, पण तालुक्याला पोचलेलं नाही."

इतक्या वर्षांत 'ड्रायव्हर' या प्रकाराची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

पुढचे दोन आठवडे मी ते परिपत्रक तालुक्याला पोचवायच्या खटपटीत होतो. डायल-अपवरून कुठकुठले ड्रायव्हर उतरवले. एक फाइल यायला चाळीस मिनिटं, तेवढ्यात कुणाचा फोन आला की लाइन तुटायची आणि पहिल्यापासून सुरुवात. एखादा ड्रायव्हर चालेलसा वाटायचा, निम्म्यात जायचा आणि मग ती सुप्रसिद्ध पाटी यायची: कृपया विंडोज ९८ ची सीडी घाला. सीडी हैदराबादेत! मित्राला ईमेल केली. त्याचं उत्तर आलं, की सीडी त्याने मलाच दिली होती, निळ्या पिशवीत. निळी पिशवी आजतागायत सापडलेली नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला की कॅमेऱ्याच्या नावापुढे पिवळ्या वर्तुळात उद्गारचिन्ह असायचं. आई रोज रात्री दूध पिता पिता विचारायची, "गेला का रे तो पिवळा टिकला?"

तुम्ही म्हणाल, एक्सपी का नाही टाकलंस? एक्सपीला कमीत कमी ६४ एमबी मेमरी लागायची, बरं चालायचं तर १२८. आमच्या मशीनवर ते टाकणं म्हणजे चेतकवर चौघांनी बसून खंबाटकी चढणं. मग ऑफिसात का नाही उतरवलेस? ऑफिसातल्या मशीनवर तर एनटी ४ होतं, १९९६ चं. यूएसबी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. जगभर विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे भाग आम्ही त्याच्यावर डिझाइन करत होतो आणि एक फोटो उतरवायची सोय नव्हती.

आणि कार्ड भरत चाललं होतं. विमानतळावरचा अंधारातला फोटो, आई पहिल्यांदा गाडीत पुढे बसलेली (उजव्या बाजूला बसून समोर स्टीअरिंग नाही म्हणून गोंधळलेली), आप्पा आणि बर्फाचं मशीन, आप्पा आणि डिशवॉशर, आप्पा आणि कचऱ्याचा ट्रक. यंत्र दिसलं की आप्पा शेजारी जाऊन ताठ उभे राहायचे.

मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते. ती जोडून आम्ही नायगाराला गेलो. नकाशात डेट्रॉइटहून नायगारा कॅनडातून सरळ दिसतो, पण आई-आप्पांना कॅनडाचा व्हिसा नव्हता. म्हणून टोलीडो, क्लीव्हलंड, बफेलो असा एरी तळ्याला खालून वळसा. पोळ्या, बटाट्याची भाजी आणि ती सुटलेली बरणी बरोबर होतीच.

पहिल्या संध्याकाळीच कार्ड भरलं. हॉटेलच्या खोलीत चौघं पलंगावर बसलो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या दीड इंची पडद्यावर, कुठले फोटो ठेवायचे आणि कुठले पुसायचे याची मीटिंग भरली. आप्पा अध्यक्ष. विमानतळावरचा अंधारा फोटो गेला. कचऱ्याचा ट्रक गेला. आप्पांनी जरा खळखळ केली. दुसऱ्या दिवशीसाठी थोडी जागा झाली.

दुसऱ्या दिवशी बोटीतून धबधब्याच्या पायथ्याशी जाऊन आलो. बोटीवर सगळ्यांना पातळ प्लॅस्टिकचे निळे रेनकोट देतात. वर आल्यावर झाडीत एका बाकावर बसलो, तर आप्पा अजून रेनकोट घालूनच उभे. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अहो, काढा तो आता. दुधाच्या पिशवीसारखे दिसताय." आणि स्वतःच हसत सुटली. मी कॅमेरा उचलून बटण दाबलं.

माझ्या आईचे हसतानाचे फोटो नाहीत. तिचा वरचा, पुढचा एक दात माझ्या लहानपणीच पडला होता, आणि तो बसवायचा राहून गेला तो राहूनच गेला. फोटो म्हटलं की ओठ घट्ट मिटायची. लग्नात, बारशात, मुंजीत, सगळीकडे आई पासपोर्टच्या फोटोसारखी. आणि इथे पिकलेले ओले केस, पाठीमागे हिरवीगार झाडी, आणि तोंडभर हसू. बायको पडद्यात डोकावून म्हणाली, "ट्रिपमधला सगळ्यात छान फोटो."

अर्ध्या तासाने ऊन पडलं आणि धबधब्यावर इंद्रधनुष्य उमटलं. आप्पा म्हणाले, "हा घ्यायलाच पाहिजे." बटण दाबलं, तर कार्ड पुन्हा फुल्ल. आई म्हणाली, "तो माझा मघाचा काढून टाक. दात दिसतायत." बायको नको म्हणाली. आई म्हणाली, "अगं, मी काय, घरी रोजच आहे. इंद्रधनुष्य कुठे रोज दिसतंय?" मलाही ते पटलं. पुसू का, असं कॅमेऱ्याने विचारलं. मी हो म्हटलं. आणि इंद्रधनुष्यासाठी कॅमेरा वर केला तर सेल संपले. लेन्स आपोआप आत गेली. बॅगेतले सेल घालेपर्यंत ढग आले होते.

परतल्यावर शेजारच्या गुजराती बाईंनी सांगितलं, की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोटोचं काउंटर आहे, तिथे कार्ड दिलं की सगळे फोटो सीडीवर घालून देतात. थोडे डॉलर, पाऊण तास. माझे दोन आठवडे पाण्यात! पण आधी मी ऑफिसातल्या एका मित्राला घरी बोलावलं. त्याच्याकडे एक्सपीचा लॅपटॉप होता, कार्ड रीडर होता, आणि पुसलेले फोटो परत मिळवायचा एक प्रोग्रॅमही.

आप्पांना मी तेव्हा त्यांच्याच भाषेत सांगितलं: फोटो पुसला म्हणजे फोटो जात नाही. फक्त मस्टरमधून नाव खोडतात आणि खोली रिकामी असं लिहितात. माणूस अजून खोलीतच असतो, दुसरा राहायला येईपर्यंत. आपल्याकडे दुसरा आलेलाच नाही, सेल संपले होते ना! मी भलताच खुशीत होतो.

फोटो मिळाला, पण अर्धा. कारण नंतर समजलं. आईचा फोटो कार्डावर सलग नव्हताच. आदल्या रात्री पुसलेल्या फोटोंच्या रिकाम्या जागांत तो तुकड्यांनी लिहिला गेला होता. विमानतळाचा फोटो अंधारा, म्हणून त्याची फाइल लहान. आईच्या मागे झाडी, पानन् पान स्पष्ट, म्हणून ही फाइल मोठी. लहान खड्ड्यात अर्धा मावला, उरलेला ट्रकच्या जागेत गेला. पुढचा तुकडा कुठे आहे ही नोंद पुसताना पुसली गेली, आणि प्रोग्रॅम बिचारा सलग समजून पुढचंच वाचत गेला. तर वर झाडी, ओले केस, कुंकू, डोळे, निम्मं नाक. त्याखाली करड्या-हिरव्या पट्ट्या. आम्ही सगळेच हसलो. आई म्हणाली, "बरं झालं, दात गेले."

तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आई समोर बसून शेंगा सोलत होती.

सप्टेंबरात मी नवा कॉम्प्युटर घेतला. तोवर काढलेले सगळे फोटो त्याच्यावर व्यवस्थित उतरले. त्यांत आईचे चाळीसेक आहेत, आणि चाळिसांतही ओठ मिटलेले. विंडोज ९८ ला दुरुस्त्या पुरवणं मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये थांबवलं, त्याच उन्हाळ्यात मी ते जुनं मशीन रिसायकलिंगला देऊन टाकलं. आई २०११ साली गेली. आप्पा सध्या पुण्याला बहिणीकडे असतात, पंच्याऐंशी झाले.

तर लेकीला खोक्यात कॅमेरा सापडला, सेल घातल्यावर चालूही झाला. तिने आपल्या लॅपटॉपला वायर जोडली आणि त्याने कॅमेरा एका क्षणात, काही न विचारता ओळखला. मी बघतच राहिलो. दोन आठवडे, राव! खोक्यातच औषधाच्या दुकानातली सीडी आणि मित्राने करून दिलेली सीडी होती. तीत तो अर्धा फोटो. लेकीने आजीला फारसं पाहिलेलं नाही. बराच वेळ ती त्या डोळ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, खालचं भरून देऊ? हल्ली एआय करतं."

नको म्हणायच्या आत तिने केलंसुद्धा. दहा सेकंदांत बाकावर बसलेली एक हसतमुख बाई आली. साडी बरोबर, झाडी बरोबर, हसू प्रसन्न. नाकाखालचं सगळं इतकं बेमालूम, की सांधा मलाही सापडेना. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने तो आप्पांना दाखवला. आप्पांनी चष्मा बदलला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"ही कोण?"

"आप्पा, आजी! नायगारा!"

"छे. हिचे दात सगळे आहेत."

लेक माझ्याकडे बघायला लागली. दाताची गोष्ट तिला मी कधी सांगितलीच नव्हती. तिने मुकाट्याने मूळचा अर्धा फोटो पडद्यावर लावला. आप्पा खूप वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं कॉल अडकला. मग म्हणाले, "हा पाठव. मोठा करून, जाड कागदावर. आणि खालच्या पट्ट्या कापू नकोस, तशाच राहू दे."