गिअरचा आखूड दांडा

अमेरिकेतल्या नातवाने त्याच्या माझदा मियाटाला गिअरचा आखूड दांडा बसवला. या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो. त्यामुळे वरूनच मूठ आणि रबरी बूट काढायचे, तीन बोल्ट सोडवून जुना दांडा उपसायचा. नव्यात टेकूखालचा भाग लांब, म्हणून हात थोडाच हलतो, पण जोर जास्त लागतो. म्हणजे तरफच की! विज्ञानाचे सर रजेवर असले की मीही शिकवायचो. घाईने गिअर टाकले तर सिंक्रोनायझरची कडी लवकर झिजतात म्हणे.

माझी बोटं संधिवाताने आखडलेली. तिकडे गेलो की रिकाम्या पार्किंगमध्ये तो मला गाडी चालवायला देतो. फोनवर विचारलं, "जुना दांडा टाकलास का रे?"

"नाही आजोबा, पुसून ठेवलाय."