दोन तबकड्यांवरचा स्वार

महाराष्ट्रात आज 'डीजे' हा शब्द उच्चारला की मिरवणुकीच्या पुढे चाललेली ध्वनिवर्धकांची उंच भिंत डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु हा शब्द मुळात यंत्राचा नव्हे, माणसाचा आहे. 'डिस्क जॉकी' या दोन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे होत. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. तबकडीवर मांड ठोकून तिला हवी तशी धावायला लावणारा तो डिस्क जॉकी. घोडा कितीही उमदा असला तरी स्वार कच्चा असेल तर शर्यत जिंकता येत नाही, हे या नावातच सुचविलेले आहे. आणि ज्याला उमदा घोडा विकत घेण्याची ऐपतच नाही त्याने काय करावे, हा प्रश्नही त्याच नावाच्या पोटात दडलेला आहे.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले ती मुले न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या भागात राहत होती. १९७० नंतरच्या दशकात या भागाला मोठी उतरती कळा लागली होती. भर वस्तीतून एक रुंद हमरस्ता काढण्यात आला होता. कारखाने बंद पडले होते. कित्येक इमारती ओस पडल्या होत्या आणि कित्येक आगीच्या भक्ष्यस्थानी पडत होत्या. अशा वस्तीत, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने नाचगाण्याचा छोटासा कार्यक्रम ठेवला. नव्या शालेय वर्षासाठी कपडे घ्यावयास पैसे हवेत, एवढाच तिचा हेतू होता. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असा प्रवेशाचा दर होता. त्या मुलीचे नाव सिंडी कॅम्पबेल. तबकड्या वाजविण्याचे काम तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह याच्याकडे होते. जमैकाहून १९६७ साली आलेला हा तरुण पुढे 'कूल हर्क' या नावाने जगाला ठाऊक झाला.

हर्कच्या नजरेने एक गोष्ट अचूक टिपली होती. गाणे सुरू असता मध्येच एक क्षण असा येतो की गायक थांबतो, बाकीची वाद्ये मुकी होतात आणि केवळ ढोलाचा ठेका उरतो. नाचणारी मुले नेमकी या क्षणाची वाट पाहत. पण तो क्षण फार तर दहा-पंधरा सेकंदांचा. मग हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा ठेका संपत आला की तो दुसरीवर सुरू करावयाचा, आणि तेवढ्यात पहिलीची सुई मागे नेऊन ठेवावयाची. अशा रीतीने काही सेकंदांचा ठेका कित्येक मिनिटे चालू लागला. मात्र सुई अंदाजाने ठेवावी लागे. त्यामुळे एका तबकडीवरून दुसरीवर जाताना पुष्कळदा लय मोडे. तबलजी समेवर चुकावा आणि गवयाचा चेहरा पडावा, तसेच ते होई.

ही मोडलेली लय एका मुलाला स्वस्थ बसू देईना. त्याचे नाव जोसेफ सॅडलर. त्याचा जन्म १९५८ साली बार्बाडोस बेटावर झाला आणि तो वाढला ब्राँक्समध्ये. त्याच्या वडिलांना तबकड्या जमविण्याचा नाद होता. मुलाने त्यांना हात लावू नये अशी घरात सक्त ताकीद होती. परंतु वडील बाहेर पडले की याचे हात शिवशिवत, आणि मग मारही खावा लागे. पुढे विद्युत्‌शास्त्र शिकविणाऱ्या एका व्यवसायशाळेत तो जाऊ लागला. रस्त्याकडेला टाकून दिलेल्या मोटारींतील ध्वनिवर्धक, भंगारातील तारा आणि बटणे गोळा करून तो घरी आणी आणि त्यांतून काही ना काही जुळवीत बसे. आज सारे जग त्याला 'ग्रँडमास्टर फ्लॅश' या नावाने ओळखते.

तबकडी वाजविणाऱ्या यंत्रात पारखून घेण्यासारखे काय असते, हे या मुलाने स्वतःच्या बोटांनी शिकून घेतले. दुकानात मांडलेली यंत्रे दिसावयास एकाहून एक सुंदर; पण तो त्यांचे रूप पाहत नसे. थाळीवर हात ठेवून ती थांबवावी, हात काढावा आणि ती किती लवकर आपल्या मूळ गतीला येते ते पाहावे, ही त्याची कसोटी. यंत्रे दोन जातींची असतात. एका जातीत मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने ती थाळी फिरविते. अशी यंत्रे बहुधा स्वस्त. शांतपणे गाणे ऐकणाऱ्याला ती पुष्कळ. पण थाळी वारंवार हाताने अडविली तर पट्टा घसरतो, सैल पडतो आणि थाळी रेंगाळत गती घेते. दुसऱ्या जातीत थाळी थेट मोटरीच्या आसावरच बसविलेली असते. हात काढताच ती क्षणार्धात पूर्ण वेगाने फिरू लागते. जपानमधील मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता नावाच्या अभियंत्याने ही रचना विकसित केली आणि १९७२ साली 'टेक्निक्स' या नावाखाली 'एस्‌एल-१२००' हे यंत्र बाजारात आले. ते बनविले होते घरी बसून संगीत ऐकणाऱ्या रसिकांसाठी. पण पुढे ते गाजले ते तबकडीला हाताने खेळविणाऱ्या वादकांमुळे! ज्यांच्यासाठी वस्तू निर्माण होते त्यांच्यापेक्षा वेगळेच लोक कधीकधी तिचे खरे सामर्थ्य ओळखतात.

केवळ यंत्र चांगले असून भागत नव्हते. थाळीवर रबराची गादी असे. तिच्यावर तबकडी घट्ट चिकटून बसे आणि हाताने मागे फिरविताना अडे. फ्लॅशची आई शिवणकाम करीत असे. त्यामुळे कापडांचे निरनिराळे पोत त्याला परिचयाचे होते. त्याने नमदा आणला आणि तबकडीच्या आकाराची गोल चकती कापली. पण ती लुळी पडू लागली. तेव्हा कपड्यांना लावावयाची आईची खळ त्याने तिच्यावर फवारली आणि इस्त्री फिरवून ती कडक केली. आता खाली थाळी फिरत राही आणि वर तबकडी बोटाच्या इशाऱ्यावर थांबे किंवा मागे जाई. आजही जगभरचे वादक याच तत्त्वावरची नमद्याची चकती वापरतात. जे काम महागड्या यंत्राने झाले नसते ते खळीने आणि इस्त्रीने केले.

सुई नेमकी कोठे ठेवावी हा प्रश्न त्याने गणिताने सोडविला. मोठी तबकडी एका मिनिटात ३३⅓ फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. ठेका नऊ सेकंदांचा असेल तर तेवढ्यात तबकडीचे बरोबर पाच फेरे होतात. मग सुई उचलावयाचे कारणच काय? तबकडी तेवढेच पाच फेरे उलट फिरविली की ठेक्याचा आरंभ पुन्हा सुईखाली आलाच. फेरे अचूक मोजता यावेत म्हणून त्याने तबकडीवर रंगीत खडूने खूण केली. बोटांनी काळ्या चकचकीत तबकडीला स्पर्श करणे हे त्या काळी पाप समजले जात असे. ते पाप करून त्याने लय साधली.

या शोधाचे स्वागत कसे झाले, हेही त्याने पुढे सांगितले आहे. आपली नवी कला घेऊन तो प्रथम लोकांसमोर उभा राहिला तेव्हा ठेका कोठेही तुटला नाही. पण कोणी नाचेचना! लोक व्याख्यानास आल्याप्रमाणे नुसते पाहत उभे राहिले. घरी येऊन तो मुलगा रडला. परंतु त्याने यंत्राला दोष दिला नाही आणि वस्तीलाही दिला नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण त्याच्या कानांवर कधी पडली नसेल. तथापि तिचा अर्थ त्याला पुरता कळला होता. त्याने आपल्या वादनाला तालबद्ध बोलणाऱ्यांची साथ जोडून घेतली आणि लोक नाचू लागले. १९७५ च्या सुमारास त्याच परिसरातील थिओडोर नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने आणखी एक नवल केले. आई रागे भरावयास खोलीत आली तेव्हा तिचे बोलणे ऐकू यावे म्हणून त्याने तबकडी हाताने धरली. ती मागे-पुढे हलताच सुईतून एक खरखरीत, तालदार आवाज निघाला. त्याच आवाजावर सराव करून त्याने नवी वादनकला घडविली. २००७ साली फ्लॅश आणि त्याचे सहकारी अमेरिकेतील रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात दाखल झाले. हिपहॉप गटाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मध्यंतरी काळ पालटला. १९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यावर नादाची खाच नसते, असतात केवळ आकडे. तबकडीवर नादाची कंपने नागमोडी खाचेच्या रूपाने कोरलेली असतात आणि सुई त्या खाचेतून प्रवास करते. उलट सीडीसाठी नादाचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेऊन त्याचे आकडे केलेले असतात. खाच सुईने झिजते, तिच्यात धूळ बसते. आकडे झिजत नाहीत. शंभर तबकड्यांची पेटी उचलावयाची तर वीस किलोंच्या घरात ओझे होते. तीच गाणी आकड्यांच्या रूपात नखाएवढ्या पट्टीत मावतात. २००४ साली 'सेराटो' या न्यूझीलंडच्या कंपनीने दोहोंची सांगड घालणारी योजना बाजारात आणली. तिच्यातील तबकडीवर गाणे नसून केवळ संकेताचा नाद असतो. त्यावरून तबकडी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने फिरत आहे हे संगणक ओळखतो आणि त्याच्या पोटातील गाणे त्याप्रमाणे वाजवितो. २०१० साली 'एस्‌एल-१२००'चे उत्पादन थांबले तेव्हा तबकडीचे युग संपले असे अनेकांना वाटले. पण २०१६ साली ते यंत्र पुन्हा बनू लागले आणि २०२० साली अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले.

मग आज ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत अशा विद्यार्थ्याने काय निवडावे? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. परंतु अंथरूणही पारखूनच घ्यावे. दिसावयास गोंडस अशा पेटीतील अगदी स्वस्त यंत्रात सुईचा भार पुष्कळदा कमी-जास्त करता येत नाही. जड सुई तबकडी लवकर झिजविते. असे यंत्र नवे घेण्यापेक्षा थेट मोटरीचे जुने यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते. त्याची थाळी चटकन गती घेते का, सुईचा दांडा डुगडुगतो का, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो का, हे पाहावे. यंत्र जुने चालेल. सुई मात्र नवी घ्यावी. आणि तेवढाही खर्च झेपत नसेल तर घरातील संगणकाला जोडावयाचे, दोन फिरत्या चकत्यांचे छोटे साधन घ्यावे. एकेक तबकडी विकत घेण्याचा खर्च त्यात वाचतो.

जुन्याचे अभिमानी यावर नाक मुरडतील. परंतु त्यांनी एक गोष्ट विसरू नये. ब्राँक्सच्या मुलांनी तबकडी निवडली ती जुन्याच्या प्रेमाने नव्हे. ती त्यांच्या घरात होती, हाताशी होती, म्हणून निवडली. ती मुले आज त्या वयाची असती तर त्यांनी बहुधा हाताशी असलेला संगणकच उघडला असता आणि त्याचेही पोट फोडून आत काय आहे ते पाहिले असते.

मात्र नव्या साधनात एक गोड सापळा आहे. दोन गाण्यांची लय आपोआप जुळवून देणारी एक कळ त्यात असते. ती दाबली की काम फत्ते होते. पण कान अडाणीच राहतो. तबकडी अशी सवलत देत नाही. दोन ठेके एकमेकांपासून हळूहळू सुटू लागले की ते कानानेच ओळखावे लागते आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने त्यांना पुन्हा एकत्र आणावे लागते. म्हणून नवे साधन घेणाऱ्याने निदान पहिले वर्षभर त्या कळेला हात लावू नये. कान तयार झाल्यावर कळ ही दासी होते; त्याआधी ती धनीण होऊन बसते.

स्वस्त काय आणि महाग काय, हे दुकानातील चिठ्ठीवर लिहिलेले असते. परंतु कडक इस्त्री केलेल्या नमद्याच्या त्या चकतीची किंमत कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती. आईची खळ, खडूची एक रेघ आणि मोजलेले पाच फेरे, एवढ्या भांडवलावर एका मुलाने तुटलेली लय सांधली. घोडा ज्याला जसा मिळेल तसा मिळो. मांड मात्र ज्याची त्यानेच पक्की करावयाची असते.