क्वार्टरच्या भिंतीपलीकडे

आम्ही फौजेत बावीस वर्षे काढली. म्हणजे नोकरी यांची, पण बदल्या साऱ्या घराच्या. दर दोन-तीन वर्षांनी नवे क्वार्टर, नव्या शेजारणी. भिंती पातळ, पलीकडचा आवाज ऐकू येतोच. तरी तक्रार सहसा कुणी करत नाही. माहेर लांब, फोन केला तर उत्तर एकच, "बेटी, सब्र कर." (सब्र करायला नेहमी बाईलाच का सांगतात?) शिवाय धास्ती, की साहेबांच्या कानावर गेले तर यांची नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, मुलांची शाळा सुटेल.

एका शेजारणीने आमच्याकडे रात्र काढली तेव्हा ती याच भीतीने रडत होती. हात सुजला होता, त्याचे तिला काही नव्हते. आम्ही तिच्या नवऱ्याला जाब विचारायला गेलो नाही. त्याचा राग तिच्यावरच निघाला असता. सकाळी डॉक्टरांकडे जखमेची नोंद करवली, मग कमांडिंग ऑफिसरच्या नावे अर्ज लिहिला. जवानाचा पगार दिवाणी कोर्टाला जप्त करता येत नाही, हे खरे. पण १९५० च्या आर्मी ॲक्टमध्येच बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून रक्कम कापण्याची तरतूद आहे. पुष्कळ जणींना हे ठाऊकच नसते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही छावणीत लागू आहे, बाई कोणत्याही धर्माची असो. १८१ वर फोन केला तर मदत मिळते.

काही महिन्यांनी तिच्या खात्यात पैसे येऊ लागले. ती आता आईजवळ राहते, मुलगी सातवीत आहे. नवऱ्याची नोकरी चालू आहे.