40,000 अँपिअर, तेही पिशवीत!

बंगळुरातल्या चिकपेटेत लोक रेशमी साड्यांसाठी जातात. मी मात्र बीव्हीके अय्यंगार रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून बाहेर पडले ती अक्षरशः तरंगत! पिशवीत काय? दोन बोटं रुंदीची एक डबी. एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर. टीव्हीमागे लोळणारी लाल बटणाची पट्टी नव्हे हं; हा थेट घराच्या डीबीत, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीत, एमसीबी नावाच्या खटक्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो.

घरोघरी समजूत अशी, की एमसीबी आहे ना, मग काळजी नको. अहो, एमसीबी व्होल्टेजकडे ढुंकूनही बघत नाही! तो बघतो करंट. आरसीसीबी बघतो गळती. स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो खरा, पण सावकाश, आणि सर्ज म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी; तिचा सगळा खेळ मायक्रोसेकंदांत आटोपतो. बंगळुरात एप्रिल-मेच्या दुपारी आभाळ फाटतं तेव्हा वीज आपल्या घरावरच पडायला हवी असंही नाही. आसपास कुठे पडली तरी तारांत हजारो व्होल्ट चढतात.

चिकपेटेपासून हाकेच्या अंतरावर, सिटी मार्केटपाशी, 5 ऑगस्ट 1905 ला शिवनसमुद्रच्या विजेवर रस्त्यावरचे दिवे लागले. तेव्हा फार तर बल्ब उडत असेल. आता पंख्यातसुद्धा चिप असते!

आणि डबीच्या पोटात काय असावं? झिंक ऑक्साइड! आयुर्वेदातलं जशदभस्म मुख्यतः हेच, बाळाच्या रॅशवर लावायच्या क्रीममध्येही हेच. त्याच्या पुडीत किंचित बिस्मथ वगैरे मिसळून, दाबून, भट्टीत भाजलं की चकती तयार होते. तिच्यात दोन कण जिथे भेटतात ती प्रत्येक सीमा साधारण 3 व्होल्ट अडवून धरते. अशा शंभर-दीडशे सीमा एकामागे एक! 230 व्होल्टला चकती ढिम्म. व्होल्टेज उसळलं की धरणाच्या सांडव्यासारखी वाट मोकळी, सगळा लोंढा अर्थमध्ये. ओसरलं की पुन्हा बंद. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या मिचिओ मात्सुओका यांनी ही चकती घडवली. या माणसाचं नाव आपल्याला शाळेत का नाही शिकवलं?

“डबीवरचे आकडे वाचा, मॅडम,” दुकानातले काका हिंदीत म्हणाले. वाचले. 40 किलोअँपिअर! डीबीत याच्या शेजारी बसणारा मेन स्विच जेमतेम 32 अँपिअरचा. अर्थात हे 40,000 फक्त क्षणापुरते: आठ मायक्रोसेकंदांत शिखर, विसाव्याला निम्मे. पण खरा बघायचा आकडा दुसराच, दीड किलोव्होल्ट. डबीने लोंढा वळवल्यावरही घराकडे जास्तीत जास्त किती व्होल्ट सुटतील, तो हा. घरातली सर्वसाधारण उपकरणं अडीच किलोव्होल्टचा झटका सोसतील अशा बेताने बनवलेली असतात. म्हणून तो आकडा जितका लहान तितकं बरं.

यानंतर काकांनी जे सांगितलं त्याने मी थक्कच झाले. जोडणीची तार आखूड हवी, सगळी मिळून अर्धा मीटर, बास. एवढा करंट इतक्या झटक्यात धावतो की एका मीटर तारेवरच हजारेक व्होल्ट उभे राहतात! इलेक्ट्रिशियनने हौसेने वेटोळी घालून तार ‘नीटनेटकी’ केली की महागड्या डबीची निम्मी कमाई तिथेच गेली. आणि अर्थिंग? तेच कच्चं असेल तर लोंढा जाणार कुठे? काकांनी आधी अर्थिंग तपासून घ्यायला बजावलं, मगच बिल फाडलं. असा दुकानदार विरळा.

डबीला एक इवलीशी खिडकीही आहे. हिरवी असेल तर चकती शाबूत, लाल झाली तर आतलं कार्ट्रिज बदलायचं.

एक दुखणं मात्र या डबीच्या आवाक्याबाहेरचं. रस्त्यावर कुठे न्यूट्रल सुटला की घरात 400 पर्यंत व्होल्ट येऊ शकतात आणि ठाण मांडून बसतात. तिथे चकती स्वतःच तापून जाते. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज रिले वेगळा. मर्यादा ओलांडली की तो मेनच तोडतो. घेतला!

इंटरनेटचं विचारलं, तर काकांनी डोळे मिचकावले: फायबर काचेचं, त्यातून सर्ज येतच नाही. आता गच्चीवरच्या डिशची तार तेवढी राहिली. तिचाही वेगळा प्रोटेक्टर मिळतो म्हणे, पुढच्या शनिवारी पुन्हा चिकपेट!